खिशातली शेगडी

थंडी पडली की माझी बोटं पांढरी होतात. गोरी नव्हे, पांढरी, खडूसारखी. शेंड्यापासून सुरुवात होते, दुसऱ्या पेरापर्यंत येते, आणि मग टाचणी टोचली तरी कळत नाही. रक्त परत फिरतं तेव्हा मात्र अशी आग होते की तोंडून शिवीच निघते. आईची बोटं अशीच होती. तिच्याकडून ती आम्हा दोघा भावांना आली. शेत दादाकडं राहिलं, नोकरी माझ्याकडं आली, बोटं मात्र दोघांना सारखी वाटून मिळाली.

लहानपणी यावर औषध एकच होतं, दादाची काख. आम्ही गावाहून लोह्याच्या शाळेला पायी जायचो. पौषातली सकाळ, वाटेच्या दोन्ही बाजूंना दहिवरानं ओली झालेली ज्वारी. बोटं बधिर झाली की मी भोकाड पसरायचो. मग दादा दप्तर खाली टाकायचा आणि माझे दोन्ही हात आपल्या सदऱ्याच्या आत, काखेत धरून उभा राहायचा. त्याच्या बोटांचं काय होत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मी दहावीत असताना वडील गेले. पुढं काय करायचं यावर घरात खल सुरू झाला, तो दादानं एका वाक्यात संपवला. म्हणाला, "दोघांपैकी एकानं तरी शिकावं." कोणी शिकावं हे विचारायची गरज नव्हती. तो सकाळीच औत घेऊन रानात जाऊन आला होता.

मी नांदेडला शिकलो, नांदेडलाच एका सरकारी कचेरीत चिकटलो आणि आता पन्नाशीला टेकलोय. या वयात मला व्हॉलीबॉलचं वेड लागलं. झालं असं की डॉक्टरनं साखर वाढलीय म्हणून रोज चालायला सांगितलं. आता घाण्याच्या बैलासारखं मैदानाभोवती गोल गोल फिरायचं म्हणजे काय ते माझं मलाच ठाऊक. मैदानाच्या मधोमध माझ्याच वयाचे काही लोक पोटं सांभाळत व्हॉलीबॉल खेळायचे. एके दिवशी मी वैतागून त्यांच्यात घुसलो तो घुसलोच. बायको म्हणाली, या वयात हातपाय मोडून घ्या म्हणजे झालं. मोडले नाहीत. उलट असं निघालं की माझ्या हाताला बॉल कळतो. मारणाऱ्यासाठी नेटजवळ बॉल अलगद उचलून देण्याचं काम माझ्याकडं आलं. ते सगळं बोटांच्या शेंड्यांचं काम आहे. तळहाताला बॉल लागला की संपलं.

आणि शेंडेच तर हिवाळ्यात जागेवर नसायचे. दिवाळी झाली, गोदावरीवरून धुकं यायला लागलं, की माझ्या हातातून बॉल कुठंही जायचा. गडी हसायचे. हातमोजे घालून पाहिले तर बॉल कळेना. शेवटी आमच्यातल्याच एका निवृत्त सुभेदारांना माझी दया आली. त्यांची अर्धी नोकरी बर्फात गेलेली. एक दिवस त्यांनी खिशातून चपट्या डबीसारखी एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. इतकी ऊबदार की मी दचकलो. म्हणाले, ही खिशातली शेगडी.

आत कापूस भरलेला. घड्याळवाले वापरतात ते पांढरं पेट्रोल मापाच्या छोट्या टोपणानं त्यात ओतायचं, वरच्या जाळीदार तोंडाला काडीची आच दाखवायची, भोकांचं झाकण लावायचं आणि मखमली पिशवीत घालून खिशात ठेवायचं. ज्योत नाही, धूर नाही. आतल्या आत धुमसत राहतं आणि सकाळचं संध्याकाळपर्यंत पुरतं. संपलं की पुन्हा भरायचं. सगळं सांगून झाल्यावर सुभेदार म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. याला हवा लागते. कोंडलं की मेलं." मी मान हलवली. माझे डोळे त्या डबीवरून हटत नव्हते.

त्या हिवाळ्यात मी जो खेळलो तसा जन्मात खेळलो नव्हतो. दोन डावांच्या मध्ये हात खिशात घालायचा, बोटं गुलाबी करून घ्यायची, पुन्हा नेटला. सुख सुख म्हणतात ते हेच की काय असं वाटायचं. पण आमचं सुख असं की त्याला नेमका त्याच वेळी दादाचा फोन यायचा.

दादा सकाळी फोन करायचा, कारण तेव्हा तो रानातून परत येत असायचा. आमच्याकडं शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला स्प्रिंकलरनं पाणी द्यायचं म्हणजे नुसतं बटण दाबून झोपता येत नाही. थोड्या थोड्या वेळानं मोटर बंद करायची, ओले पाइप खांद्यावर घेऊन पिकाच्या पुढच्या पट्ट्यात न्यायचे, पुन्हा जोडायचे. एखादा सांधा नीट बसला नाही की बर्फासारख्या पाण्याची चिळकांडी छातीवर. सगळं उघड्या हातानं. आणि हात कसले, तर माझ्यासारखेच. इकडं मी मैदानाच्या कडेला उभा राहून बोलायचो, एक हात खिशातल्या शेगडीवर. तिकडं तो म्हणायचा, झालं पाणी देऊन, आता च्या पितो. मी फोन ठेवायचो तेव्हा खिशातला हात बाहेर काढलेला असायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मी त्याला सल्ले द्यायचो. रात्री गडी लाव, दिवसाची लाइट मिळते का बघ, हातात रबरी मोजे घाल. उंटावरून शेळ्या हाकणं मला नोकरीनंच शिकवलंय. तो सगळ्याला हाव, हाव म्हणून होकार द्यायचा. रात्रीच्या थंडीत पाइप उचलायला गडी मिळत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मार्गशीर्ष लागता लागता त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या शेंड्याला जखम झाली. भरेना. कडा निळ्या पडल्या. मी त्याला नांदेडला आणून डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं आम्हा दोघांच्या बोटांना हात लावून पाहिला, गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं: तंबाखू बंद, गार पाणी बंद, बोट सतत गरम राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर शेंडा जाईल. दादानं दवाखान्याच्या पायरीवरच तंबाखूची डबी काढून वहिनीच्या हातात दिली आणि परत कधी मागितली नाही. सांगितलेलं तंतोतंत करायचं, हा त्याचा जन्मापासूनचा स्वभाव. गार पाणी मात्र त्याच्या हातात नव्हतं. हरभरा फुलावर आला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी शेगडी काढून त्याला द्यावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या रविवारी लातूरला चाळिशीपुढच्यांची स्पर्धा होती. म्हणून मी तशीच दुसरी मागवली. आपण काही कमी करत नाही, नवी कोरी देतोय, अशी मनाची समजूतही घातली.

लातूरला जाताना आमची गाडी लोह्यावरूनच जाते. दादाला स्टँडवर यायला सांगितलं. तो मोटरसायकलवर आला, कानाला मफलर, बोटाला चिंधी. मी गाडीतून उतरलो, रसवंतीच्या बाकड्यावर सगळा संसार मांडला आणि त्याला पेट्रोल किती, काडी कशी, झाकण कसं, सगळं करून दाखवलं. मागं आमचे गडी हॉर्न वाजवून राहिले होते. दादानं एकदा माझ्यासमोर पेटवून दाखवली, माझ्यापेक्षा सफाईनं. मग त्यानं खिशातून मोबाइल काढून वेळ पाहिली. मोबाइल कॅरीबॅगमध्ये गुंडाळून वर रबर लावलेला होता. पाण्यावर जाणारे सगळे तसंच करतात. मोबाइल, काडीपेटी, पंपाच्या खोलीची किल्ली, जे भिजू नये ते कॅरीबॅगमध्ये. ते पाहिलं आणि मला पाण्याची आठवण झाली. गाडीत पाय ठेवता ठेवता मी त्याला म्हणालो, "दादा, भिजू देऊ नको बरं का. भिजलं की गेलं."

तो म्हणाला, "हाव, जपतो की."

लातूरला आम्ही जिंकलो. परतीच्या वाटेवर गाडीत गाणी चालली होती आणि मी खिशातल्या उबेवर हात ठेवून बसलो होतो. कित्येक दिवसांनी मनाला काही बोचत नव्हतं. पुढं दादाचा फोन आला की मी पहिलं हेच विचारायचो, गरम राहतंय का? तो म्हणायचा, हाव, राहतंय की, लई भारी वस्तू हाय. वहिनी सांगायची की रोज संध्याकाळी तो चुलीपुढं बसून ती भरतो, पेटवतो, पोरासारखी जपतो. मी मैदानावर सगळ्यांना सांगितलं. सुभेदारांनी विचारलं, भावाला जमतंय ना? म्हटलं, फस्ट क्लास. आणि मी निवांत खेळत राहिलो.

मग येळवस आली. आमच्याकडं मार्गशीर्षाच्या अमावास्येला सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, पूजा करायची, आंबील प्यायची, भाज्या-शेंगांची भज्जी खायची, येईल त्याला जेवू घालायचं. मी बायकोला घेऊन सकाळीच पोचलो. आठवडा रात्रीच्या लाइटचा होता. दादा पहाटेपर्यंत पाण्यावर होता, तरी आंघोळ करून पूजेला बसला होता. त्याचं जर्किन कोपीच्या मेढीला अडकवलेलं. म्हटलं, पाहुण्यासारखं बसण्यापेक्षा शेगडीत पेट्रोल तरी भरून ठेवावं.

खिशात हात घातला तर हाताला कॅरीबॅग लागली. तिला रबर. आत दुसरी कॅरीबॅग, तिला गाठ. आत मखमली पिशवी, नव्यासारखी कोरडी. आणि तिच्यात ती डबी, दगडासारखी गार. झाकण काढलं तर पेट्रोलचा भपकारा आला. कापूस चिंब होता. पेट्रोल जळलंच नव्हतं.

आता सांगतो मी काय केलं ते. मी ओरडलो. सणाच्या दिवशी, आल्यागेल्यासमोर, माझ्यापेक्षा मोठ्या भावावर. असं कोंडल्यावर ती पेटेल कशी, एवढी साधी अक्कल नाही का, वस्तू दिली तरी वापरता येत नाही, असं बरंच काही. दादा पळीतली आंबील तशीच धरून माझ्याकडं बघत राहिला. वहिनी भाकरी मोडत होती. तिनं वर पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हीच म्हणला होता भावजी, भिजू देऊ नका म्हणून."

याला हवा लागते, हे मला सांगितलेलं होतं. मी ते दादाला सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं होतं ते त्यानं अक्षरशः पाळलं होतं.

थोड्या वेळानं मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. हळूच विचारलं, अरे, पण गार पडतीय हे फोनवर का सांगितलं नाहीस? तो खरोखर विचारात पडला. म्हणाला, पेटवली की गरम असायची. रानात जाईपर्यंत ऊब राहायची जराशी. मग माझ्याकडं बघून, जणू त्याचंच काही चुकलंय अशा आवाजात म्हणाला, "मला वाटलं, एवढंच गरम राहत आसंल."

त्या वाक्यानं मला जेवू दिलं नाही. येळवशीची भज्जी म्हणजे माझा जीव की प्राण, पण ती तशीच पानात राहिली. एवढंच राहत असेल, असं वाटून घेणं हे त्याचं काही शेगडीपुरतं नव्हतं. सदऱ्यात माझे हात धरून तो वाटेवर उभा राहायचा, तेव्हाही त्याला असंच वाटत असेल की आपल्या वाट्याची ऊब एवढीच. आणि मी शिकला सवरला माणूस, मी तरी कधी त्याला सांगितलं होतं की नाही रे, यापेक्षा जास्त असते?

निघताना मी माझी पेटती शेगडी त्याच्या खिशात घातली आणि त्याची माझ्याकडं घेतली. कॅरीबॅगा बाहेर काढून टाकल्या. हवा लागते, हवा लागते, असं इतक्यांदा बजावलं की वहिनी म्हणाली, कळलं त्यांना, भावजी. भिजायचं काय, तर जर्किनच्या आतल्या बाजूला छातीजवळ खिसा शिवून घ्यायचा ठरलं. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी शिवला. त्यानंतर ती सकाळपर्यंत गरम राहू लागली. हे आधी झालं असतं तर, असं मी रोज म्हणायचो. बायको म्हणायची, आता म्हणून काय उपयोग.

बोट काळं पडायला लागलं होतं. दादा दुखतंय म्हणायचा नाही, पण वहिनीनं फोनवर सांगितलं की तो उजव्या हातानं भाकरी तोडत नाही. संक्रांतीनंतर मी त्याला पुन्हा नांदेडला आणलं. शेंडा काढावा लागला. नखासकट, पहिल्या पेरापर्यंत. मी डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं की डॉक्टरसाहेब, हे बोट आधीपासून नीट गरम राहिलं असतं तर वाचलं असतं का? त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, तसं सांगता येत नाही, इतक्या वर्षांची तंबाखू, इतक्या वर्षांचं गार पाणी, कदाचित गेलंच असतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी त्या कदाचितला धरून बसलो असतो. माझ्या मनानं दुसराच कदाचित उचलला. तो अजून सुटला नाही.

मलमपट्टीसाठी दादा आमच्याच घरी राहिला. मी मैदानावर जाणं बंद केलं. सुभेदारांचे फोन आले, मी घरी काम आहे म्हणून टाळलं. खरं म्हणजे नेटजवळ उभं राहून दहाच्या दहा शेंड्यांवर बॉल घ्यायचा, हे मला करवत नव्हतं. शेगडी टीव्हीच्या टेबलावर रिकामी पडून होती. कापूस वाळून गेला होता.

रविवारी सकाळी उठलो तर दादा आधीच उठून दिवाणखान्यात बसलेला. पांढऱ्या पट्टीचा हात मांडीवर, दुसऱ्या हातात ती शेगडी. उलटीसुलटी करून बघत होता. मला म्हणाला, आज काहून गेला न्हाईस? मी म्हटलं, नको वाटतं. तो डबी माझ्यापुढं धरून म्हणाला, "भर ही अन् जा. दोघांपैकी एकाची तरी बोटं नीट राहू दी."

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, चिडता येतं, आणि चिडणं तर माझ्या हातचा मळ आहे. पण त्याचा तो स्वभावच नाही. माझी दहावी झाली तेव्हाही त्यानं असाच हिशेब केला होता, आणि तेव्हाही त्याला तो बरोबरच वाटला होता. मी तेव्हा नको म्हणालो नव्हतो. आताही माझ्या तोंडून नको निघेना. मी पेट्रोल आणलं, माप ओतलं, काडी ओढली. तीन काड्या गेल्या. तो टक लावून बघत होता, एखाद्या पोराला पहिल्यांदा सायकल चालवताना बघावं तसा.

डबी पिशवीत घातली, पिशवी ट्रॅकपँटच्या खिशात टाकली, पडू नये म्हणून खिशाची चेन वरपर्यंत ओढली आणि बूट घातले. दाराशी पोचलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"चेन उघडी ठेव. हवा लागती तिला."

मी चेन उघडली आणि खेळायला गेलो.